चौगुल्यांचा माळ आणि आमच्या वकीलबाई

अ‍ॅड. हौसाताई कांबळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कोर्टाच्या आवारात, स्वतःच्याच पक्षकारावर ओरडताना. पक्षकार चांगला जाडजूड, सोन्याची अंगठी घातलेला माणूस होता आणि शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होता. "अहो पावणं, जमीन तुमची आणि तिच्यावरनं कोण जातंय-येतंय ते तुम्हालाच ठाऊक नाही? जावा, आधी बघून या. मग दावा लावू." मी नुकतीच सनद घेतलेला. मनात म्हटलं, या बाईंकडं पुढच्या आठवड्यात कुणी फिरकायचं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या ऑफिसची पायरी चढलो. त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. घर कुठं म्हणाल्या. शिवाजी पेठेत म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "घरासमोरचा रस्ता किती रुंद आहे?" आता हे कुणाला माहीत असतं? मी म्हणालो, "एक रिक्षा जाते. समोरून दुसरी आली की भांडण होतं." त्या मोठ्यानं हसल्या. "हे चालेल. उद्यापासून ये."

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी त्यांच्या 'नगररचनाविषयक कायदेशीर कार्यावर' लिही, असं समितीनं मला सांगितलंय. भावनेच्या भरात लिहिण्याचा माझा स्वभाव नाही आणि तसं लिहिलं तर ताई हा ग्रंथ मिटून ठेवतील, हेही मला ठाऊक आहे. त्यामुळं जे पाहिलं तेवढंच लिहितो.

ताईंचा जन्म मुरगूडचा. घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या शाळकरी होत्या. वडील दुसऱ्यांच्या रानात राबत, घरची अशी जमीन नव्हती. कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून त्या शिकल्या, काही वर्षं कारकुनी केली आणि नोकरी सांभाळून वकील झाल्या. बायकांनी कौटुंबिक खटले चालवावेत असं तेव्हाच्या ज्येष्ठ वकिलांचं मत होतं. ताईंनी नेमकी जमिनीची कामं धरली. आरक्षण, बिगरशेती, रेखांकन, रस्तारुंदी असल्या रुक्ष गोष्टींत आयुष्य घालवलेल्या या बाईंच्या नावावर आजही जमीन नाही. एक फ्लॅट आहे, तोही तिसऱ्या मजल्यावर. विचारलं तर म्हणतात, "जमिनीपासून जितकं लांब, तितकी झोप चांगली लागते रे."

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. पक्षकार कागदांचं गाठोडं सोडायला लागला की त्या त्याचा हात थांबवायच्या. "कागद राहू देत. आधी जागेचं वर्ष सांगा." म्हणजे त्या जागेवर वर्षभरात काय काय होतं ते. शेवया कुणाच्या वाळतात, गणपतीचा मांडव कुठपर्यंत येतो, पावसाळ्यात पाणी कुणाच्या दारातून जातं, जनावरं कुठून पाण्याला नेतात, सगळं. आम्ही ज्युनियर मंडळी आधी कंटाळायचो. हायकोर्टाचे निवाडे वाचायचे सोडून हे काय शेवया-पापड ऐकत बसायचं! पण नकाशावर निवासी भागाचा पिवळा रंग भरला म्हणून जागा पिवळी होत नाही, तिथं माणसं आधीपासून काहीतरी करत असतात, हे आम्हाला त्या खुर्चीसमोर बसूनच कळलं.

कबनूरचं एक काम आठवतं. एका कुटुंबाचे यंत्रमाग होते, बापापासून चालत आलेले. मागाहून आराखडा आला, तो भाग निवासी ठरला, शेजारी बंगले उठले आणि बंगलेवाल्यांनी माग बंद करा म्हणून नोटिशी धाडल्या. माग आधी, निवासी विभाग नंतर, त्यामुळं चालू वापराला कायद्याचं संरक्षण होतं आणि ताईंनी ते मिळवून दिलं. मागवाला पेढे घेऊन आला. पेढा घेण्याआधी ताईंनी त्याला बसवलं आणि म्हणाल्या, "कायदा तुझ्या बाजूला आहे, ते झालं. आता शेजारच्या घरात तान्हं मूल आहे, ते कुणाच्या बाजूला आहे? मागांखाली रबर घाल आणि रात्रपाळी बंद कर. नाहीतर पुढच्या वेळी मी त्यांची वकील." तो माणूस हसला, पण त्यानं रबर घातलं आणि रात्रीचे माग थांबवले.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ताईंचं नाव निघालं की शहरात अजून दोन तट पडतात, ते या प्रकरणामुळं.

आमची पेठ संपून उसाची रानं सुरू होतात तिथं चौगुल्यांचा माळ होता. चौगुले शेतकरी, दूधदुभत्यावर चालणारं घर. माळ खडकाळ, त्यात काही पिकत नव्हतं, म्हणून आमच्या तालमीची पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं फुटबॉल खेळत आली. तालमीचं नाव लिहीत नाही, बाकीच्या तालमी रुसतील. मीही तिथं बॅक म्हणून खेळलोय, गुडघ्यावर अजून त्या माळाची खूण आहे. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही आणि इथल्याला सांगावं लागत नाही.

पुढं विकास आराखड्यात हा माळ 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित झाला. तालमीत साखर वाटली गेली. चौगुल्यांच्या घरात मात्र चूल पेटली नाही म्हणतात. आरक्षण पडलं की मालकाला तिथं बांधता येत नाही, जागा विकता येते पण घेणारा मिळत नाही. तीन भाऊ, त्यांच्या बायका-पोरं, सगळी गोठ्याला लागून काढलेल्या दोन खोल्यांत दाटीनं राहत होती. त्यांना स्वतःच्या माळावर घर बांधायचं होतं, एवढीच त्यांची मागणी. थोरले बापू चौगुले परवानगी मागायला गेले की कचेरीतून एकच उत्तर यायचं, आरक्षण आहे. मग जागा ताब्यात घ्या आणि मोबदला द्या म्हटलं की उत्तर यायचं, तरतूद नाही. दहा वर्षं अशीच गेली. कोणती कचेरी ते उगाळत बसत नाही, त्यातले सगळे साहेब आता निवृत्त झालेत.

बापू ताईंकडं आले त्या दिवशी मी ऑफिसातच होतो. ताईंनी मला बाहेर बोलावलं. "हे चौगुले आहेत. पुढं तुझी तालीम उभी राहणार. या कामाला तू हात लावायचा नाहीस, कागद बघायचा नाहीस. तुझ्याशी खोटं बोलायची पाळी माझ्यावर येऊ नये, आणि माझ्याशी तुझ्यावर." मी विचारलं, "ताई, हे काम घेणारच का? सगळ्या पेठेचं मैदान आहे ते." त्या म्हणाल्या, "पेठेचं आहे तर पेठेनं विकत घ्यावं की. साऱ्या गावाला मैदान पाहिजे आणि ते एकट्या चौगुल्यानं फुकट द्यावं, हा कुठला न्याय?" मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो.

कायदा असा की आरक्षण पडून दहा वर्षं झाली, तरी जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत घेण्याची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. ताईंनी नोटीस दिली, मुदत गेली, प्रकरण मुंबईला हायकोर्टात गेलं आणि आरक्षण संपल्याचा निर्णय आला. पेठेत आग लागली. तालमीनं इथल्या दिवाणी कोर्टात दावा लावला: आम्ही हा माळ कायद्यात सांगितलेल्या वर्षांहून अधिक काळ उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, हक्कानं वापरत आलोय, तेव्हा इथं बांधकाम होऊ नये. दावा कच्चा नव्हता. सारं कोल्हापूर साक्षीला होतं.

तालमीचे पहिले साक्षीदार आनंदा वस्ताद. साऱ्या पेठेला कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही शिकवलेला माणूस. माझ्या मुस्काटातही त्यांनी दोनदा दिलेली आहे. तालमीच्या वकिलांनी त्यांना पक्कं पढवलं होतं: कुणाची परवानगी नाही, हक्कानं खेळतो. वस्तादांनी सरतपासणीत ते खणखणीत सांगितलं. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तालमीची पोरं भिंतीला लागून दाटीनं उभी होती.

ताई उलटतपासणीला उठल्या. आवाज न चढवता विचारलं, "वस्ताद, दसऱ्याला हंगाम सुरू होताना माळावर पूजा होते ना?"

"व्हय, हुतीया की. गोलपोस्टाची."

"नारळ कोण फोडतं?"

"चौगुले. आदी त्येंचे वडील फोडायचे, आता बापू."

"तुमच्या तालमीत एवढे मानकरी, आमदार-खासदारसुद्धा येतात. मग दरवर्षी चौगुल्यांनाच का?"

तालमीचे वकील अर्धे उठले. पण वस्तादांना त्या प्रश्नाचाच राग आला होता. "आवो बाई, काय इचारायलाय तुमी? माळ त्येंचा हाय! मालकाला सोडून मान दुसऱ्याला द्याचा? तेवडी रीतभात हाय आमच्या तालमीला!"

तालमीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला आणि न्यायाधीशसाहेबांनी टंकलेखकाला सावकाश मजकूर सांगितला. मालकाला मालक मानून, दरवर्षी त्याच्या हातून सुरुवात करून केलेला वापर म्हणजे परवानगीचा वापर, मग तो कितीही वर्षांचा असो. त्यातून हक्क तयार होत नाही. दावा तिथंच पडला होता, निकाल नंतर आला एवढंच.

पुढं एकदा मी ताईंना विचारलं, वस्ताद खरंच सांगतील ही खात्री कशी होती? त्यांनी सांगितलं नसतं, नारळ तालमीचाच माणूस फोडतो म्हटलं असतं, तर? ताई म्हणाल्या, "जमिनीबद्दल माणसं वाटेल ते खोटं बोलतात रे. मानाबद्दल बोलत नाहीत. मान कुणाला द्यायचा, कुणाला नाही, यात गावं किती पक्की असतात ते मी लहानपणापासून बाहेर उभी राहून बघितलंय." एवढं म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली. त्यांच्याबरोबरच्या साऱ्या वर्षांत त्या स्वतःबद्दल इतकं बोलल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

निकालानंतर पेठेत काय झालं ते सांगायला हवं. ताईंना शिव्या पडल्या, ते अपेक्षित होतं. पण खरा जाळ निघाला तो वस्तादांवर. 'म्हाताऱ्यानं एका नारळावर मैदान घालीवलं' असं पोरं तोंडावर बोलायला लागली. ज्यांच्या लंगोटाची गाठ वस्तादांनी मारलेली, ती पोरं त्यांना बघून कट्ट्यावरून उठून जायची. नव्या कमिटीनं शिकवायला दुसरा माणूस आणला. वस्तादांनी तालमीत येणं बंद केलं. दारात खुर्ची टाकून दिवसभर बसायचे, कुणी हाक मारली तर आत जायचे. त्या माणसाच्या आयुष्यात तालमीखेरीज दुसरं काही नव्हतं. बघवत नव्हतं, खरं सांगतो.

हे मी ताईंच्या कानावर घातलं. रविवारी सकाळी त्यांचा घरी फोन आला, "चल, तुझी तालीम दाखव मला."

मी म्हटलं, ताई, नको, पोरं तापलेली आहेत. मी तालमीपाशी पोचेपर्यंत त्या रिक्षातून उतरल्यासुद्धा. कट्ट्यावर वीसेक पोरं बसली होती. काळी छत्री, पांढरी साडी, एकटी बाई समोर येऊन उभी. कुणी उठलं नाही. ताईंनी विचारलं, "आनंदा वस्तादांशी कोण कोण बोलत नाही?"

एकजण म्हणाला, "मॅडम, तुमीच आमचं मैदान घालीवलं आनी वर आमालाच शिकवाय आलाय व्हय?"

"मैदान मी घालवलं. कबूल. वस्तादांनी नाही. शिव्या द्यायच्या तर मला द्या, समोर उभी आहे." मग त्या म्हणाल्या, "एवढं सांगा मला. तुम्ही दरवर्षी चौगुल्यांना जो मान दिलात, तो खरा होता का खोटा? खरा असेल तर वस्ताद कोर्टात बरोबर बोलले. खोटा असेल तर तुम्ही सगळे मिळून त्या माणसाला आजवर फसवत आला. काय ते ठरवा."

एक थोराड पोरगा उठला, त्यानं बाकीच्यांकडं पाहिलं आणि परत बसला. शेवटी कुणीतरी मागून म्हणालं, "मग आता आमी खेळायचं कुटं?"

"हे विचारायला वकील लागतो," ताई म्हणाल्या. "उद्या ऑफिसला या. वस्तादांना पुढं घालून आणायचं. त्यांच्याशिवाय आलात तर दार उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी पोरं आली. वस्ताद पुढं होते, धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, चेहरा रागीटच. काम घेण्याआधी ताईंनी बापू चौगुल्यांना बोलावून विचारलं होतं, तुमचं काम संपलंय, यांचं दुसरं काम घेऊ का? बापू म्हणाले, "घ्या की ताई. माळ माजा हाय. पोरं काय माजी वैरी न्हाईत."

माळाला लागून एक नवी वसाहत झाली होती. कुठल्याही रेखांकनात, म्हणजे प्लॉट पाडायच्या नकाशात, ठरावीक भाग खुला सोडावा लागतो आणि तो तिथल्या रहिवाशांसाठी असतो. इथल्या बिल्डरनं त्या खुल्या जागेला तारेचं कुंपण घालून मंगल कार्यालयाची तयारी चालवली होती. पेच असा की जागा वसाहतीची, तालमीचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. ताईंनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "हक्क त्यांचा आहे. त्यांना भांडायला लावा, आणि नंतर त्यांच्या परवानगीनं खेळा." परवानगी हा शब्द ऐकून पोरांनी माना खाली घातल्या.

मग वस्ताद वसाहतीत दारोदार फिरले. नोकरदार, प्राध्यापक, बँकेतली माणसं. फेटेवाल्या पैलवानाला बघून काहींनी साखळीसुद्धा काढली नाही. वस्ताद बाहेरूनच सांगायचे, "तुमच्या पोरांस्नी खेळाय जागा हाय, ती चोरीला चाललीया. तुमी सही करा. तुमच्या पोरांस्नी फुकाट शिकवतो, पोरींस्नी बी." सह्या झाल्या. रहिवाशांनी दावा लावला, ताईंनी तो चालवला, आणि कुंपण काढून जागा खुली ठेवावी, निकाल लागेपर्यंत कसलंही बांधकाम करू नये, असा मनाई हुकूम मिळाला. तेव्हापासून तिथं खेळ चालू आहे. जागा माळाच्या निम्मीही नाही. कॉर्नर मारायचा तर पाठ भिंतीला लागते, आणि चेंडू गच्चीवर गेला की वसाहतीतल्या वहिनींची बोलणी खावी लागतात. मनाई हुकुमावर चालणारं मैदान दुसरीकडं कुठं असेल तर मला माहीत नाही. पलीकडं चौगुल्यांचं तीन भावांचं घर उभं आहे. वास्तुशांतीला आख्खी तालीम जेवायला होती.

हे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मोठं मैदान गेलं ते गेलंच. पेठेत अजून काही घरं ताईंचं नाव काढत नाहीत. ज्या यंत्रणेनं दहा वर्षं झोप काढली तिला कुणी जाब विचारला नाही. मी एकदा ताईंना म्हटलं, यात आपण जिंकलो का हरलो? त्या चिडल्या. "आपण कोण? आपण फी घेतली."

रहिवाशांचा दावा नंतर मंजूर झाला. बिल्डरनं अपील केलंय. ते चालू आहे. मधे मधे तारखा पडतात. प्रत्येक तारखेला वस्ताद फेटा बांधून कोर्टात येतात आणि ताईंच्या मागच्या बाकावर बसतात. काही ऐकू येत नाही त्यांना आता. तारीख पुढं ढकलली की ताई मागं वळून हातानं खूण करतात, मग ते उठतात.

समितीनं शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितल्यात. ताईंना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभावं, असं सगळेच लिहितील. माझी मागणी त्याहून नेमकी आहे. अपिलाचा शेवटचा निकाल ताईंनी स्वतः उभं राहून घ्यावा. आपल्याकडच्या तारखांचा वेग पाहता ही मागणी शंभरीपर्यंत सहज जाते. गुडघे दुखतात, साखर वाढलीय, जिना चढवत नाही, ही कारणं चालणार नाहीत. ताईंनी आमची कधी चालवून घेतली नाहीत.

लेख लिहायला बसण्याआधी वस्तादांकडं गेलो होतो. तुमच्या वतीनं ताईंसाठी काय लिहू, असं कानाशी तोंड नेऊन विचारलं. ते म्हणाले, "लिव्ह, त्यो निकाल ऐकल्याबिगर मी जात न्हाय. त्येंनी बी जायाचं न्हाय."

मी म्हटलं, "वस्ताद, अपिलाला अजून लई वर्षं लागतील."

"लागू द्यात की," वस्ताद म्हणाले. "पोरं खेळत्यात न्हवं? मग घाई कुणाला हाय?"